माडावरचा खोकला

टाबेटाचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. पॅसिफिकमधल्या तारावा बेटाच्या त्या अरुंद पट्टीवर तेव्हा कोंबडंही आरवलेलं नसायचं. सायकलच्या मागे बर्फाचा खोका बांधायचा आणि आदल्या संध्याकाळी घरोघर दिलेले डबे गोळा करत निघायचं. क्षयाच्या तपासणीला उठल्याउठल्याचा बेडका लागतो, आणि उन्हं तापायच्या आत तो दवाखान्यात पोचवावा लागतो.

वेळ मारून नेणाऱ्यांना ती सोडायची नाही.

"ही नुसती लाळ आहे, म्हातारे. छातीतून काढ."

"तुझ्यासाठी आता फुप्फुस बाहेर काढू का?"

"काढ. डब्यात मावेल तेवढं."

बारा वर्षं तिने हे केलं. दवाखान्यातले कुरकुरायचे, की बेटावर आहेत तितके रुग्ण सापडत नाहीत, उरलेले खोकत हिंडतात. टाबेटाच्या वस्तीतले मात्र सापडायचे. त्याचा तिला अभिमान होता आणि तो कष्टाचा होता.

तिचा धाकटा भाऊ उरिअम शेजारच्याच झोपडीत राहायचा. नीरा काढायचा. ती सायकल काढायची तेव्हा तो माडावर नीरेसाठी फुलोऱ्याची पोय कापत असायचा. वर माणूस आहे हे खाली कळावं म्हणून मोठ्याने गायचा. असे अकरा माड. उतरला की तो आणि त्याची तीन पोरं एकाच करवंटीतून नीरा प्यायची.

त्या वर्षी गाणं मध्येच तुटू लागलं. खोकला यायचा, मग पुन्हा सुरू व्हायचं.

"उरिअम, तुझ्यासाठी डबा ठेवू का रे?" तिने एकदा खालून विचारलं.

"वरच आणून दे, ताई. येतेस चढून?"

ती हसली आणि सायकल हाणली. दिवसातून दोनदा अकरा माड चढणारा माणूस आजारी कसा असेल? वडीलही तेच करत. दम असल्याशिवाय ते होत नाही, हे तिला ठाऊक होतं. तोच खोकला दुसऱ्याच्या अंगणात ऐकला असता तर ती तिथून हलली नसती.

पाच महिन्यांत अकराचे सात माड झाले, मग चार. एका पहाटे उरिअम झाडाखालीच बसलेला दिसला. तेव्हा तिने डबा त्याच्या हातात दिला. डब्यात रक्त पडलं.

"सापडलो एकदाचा," तो म्हणाला. "तुझा आकडा वाढला, ताई."

औषधं फुकट होती, पण वेळ निघून गेली होती. तिसऱ्या आठवड्यात तो गेला. पोरांची तपासणी तिने लगोलग करून घेतली होती. धाकटीला लागण निघाली. सहा महिने टाबेटाने समोर बसून तिला गोळ्या गिळायला लावल्या. पोरगी बरी झाली.

ते माड आता कुणी चढत नाही. पगाराच्या दिवशी टाबेटा सायकल दुकानाकडे वळवते आणि बर्फाच्या खोक्याच्या जागी भावाच्या पोरांसाठी साखरेचं पोतं बांधून आणते. नीरेऐवजी पोरं ती साखर पाण्यात ढवळून पितात. चार पेलेही तिनेच घेतले, ज्याचा त्याचा वेगळा. चौथा, उरिअमचा, तसाच पालथा असतो.