दोन मनोऱ्यांचं जहाज

राखाडी ऑइलपेंटचा वास आला की माझं डोकं अजून तापतं. एका वर्षी पुणतांब्याच्या घरी महालक्ष्म्यांपुढे मी ब्रिटनच्या नव्या विमानवाहू जहाजाचा देखावा केला होता, आठवडाभर पुठ्ठे कापून आणि रंगवून. आई म्हणाली, "दोन मनोरे कशाला? एक काढ, लक्ष्म्यांच्या साड्या दिसंनात." काकूला धावपट्टीच्या पुढच्या टोकाची चढण खुपत होती. "टोक वर आलंय, दाबून सपाट कर." या दोघी जावांचं भाजीतल्या मिठावरूनही कधी जमलं नाही, पण माझ्या जहाजावर दोघी मिळून तुटून पडल्या. मी कपाळावर हात मारून सांगितलं, की विमानं थोडंसं धावून त्या चढणीवरूनच झेप घेतात, पुढच्या मनोऱ्यातून जहाज चालवतात, मागच्यातून विमानं सांभाळतात, आणि एक बंद पडला तर दुसरा त्याचं काम ओढतो. दोघींनी ऐकून घेतलं आणि विमानं बाजूला सारून धावपट्टीवर लाडू-करंज्यांची ताटं मांडली. संध्याकाळी हळदीकुंकवाला आलेली शेजारीण म्हणाली, "अगं बया, साखर कारखाना लई झ्याक केलाय!" मी तोंड उघडायच्या आत दोघी एकदमच कडाडल्या, "कारखाना न्हाई, जहाज हाय ते!" यंदा आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. सणाचं कसं होणार म्हणून मी घाबरून फोन केला, तर पलीकडून कढईचा आवाज आणि काकूचं खेकसणं ऐकू आलं, "पुढचा मनोरा बंद हाय, मागचा चालू हाय. ठेव फोन!"