पाथरीच्या वाटेवरचे चढ

तुमच्या आईची लग्नानंतरची पहिली संक्रांत होती. तिला माहेरी आणायला तुमचे आजोबा आणि मी परभणीहून दमणीतून (छताच्या हलक्या बैलगाडीतून) पाथरीला निघालो. तेव्हा निजामाचं राज्य होतं. आजोबा शाळेत मास्तर होते.

ओढ्याचा चढ आला की पुरुषांनी उतरून चालायचं, बैलांचं ओझं हलकं करायचं, ही आमच्याकडची रीत. पहिल्याच चढाला आजोबा उतरले.

"बसा की मास्तर," गाडीवान किसन म्हणाला, "बैलं लय दमाची हायती."

"आणि मास्तर बिनदमाचा, असंच ना?" ते हसत चालू लागले.

वर आले तेव्हा हात छातीवर होता. "दगड ठेवल्यासारखं वाटतंय." ते धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) बसले. मी ओव्याची पुरचुंडी सोडली. ओवा चावून होईतो दुखणं गेलं.

मुक्काम झरीला, ओळखीच्या पाटलांकडे. शेतात हुरडा भाजला होता. पाटलीणबाई आग्रह करत होत्या, "घ्या मास्तर, न्हाईतर लेक म्हनंल, झरीच्या लोकांनी उपाशी धाडलं."

दुसऱ्या दिवशी पुन्हा ओढा, पुन्हा तेच दुखणं. या वेळी डावा हातही भरून आला.

किसन म्हणाला, "बाई, मागारी फिरू का?"

"हुरडा बाधलाय," मी म्हटलं. ते बसले, ओवा खाल्ला, बरे झाले. माझ्या औषधाचा मला अभिमान वाटला.

दुपारी पाथरीची घरं दिसू लागली. मध्ये एकच चढ होता. ते उतरले. मी ओवा मुठीत तयार ठेवला.

ते वर पोचलेच नाहीत.

तेराव्यानंतर मी तुमच्या आईला घेऊन परतले. त्या चढाला किसनने मान वळवून घेतली.

परभणीला डॉक्टर भेटायला आले. सगळं ऐकून म्हणाले, "चालताना येणारं आणि बसल्यावर जाणारं दुखणं काळजाचं असतं."

"किसन म्हणाला तेव्हाच परतलो असतो तर?" मी विचारलं.

"सांगता येत नाही. काही जण तरीही जातात. पण माझा एक रोगी वेळीच पडून राहिला, तो आज दुकानात बसतो."

घरी इंग्रजी वैद्यकाचं पुस्तक होतं. निघण्यापूर्वी मी त्यातलं फक्त पोटाचं प्रकरण चाळलं होतं.

गुण ओव्याचा नव्हता, बसण्याचा होता. तुम्ही आता राहता तिथे डोंगर आहेत म्हणे. चढताना कुणाचा हात छातीवर गेला तर त्याला बसवा. आणि "आता बरं वाटतंय" म्हणाला, तरी उठू देऊ नका.