पुढं आणलेला जबडा

धाराशिवला दाताच्या डॉक्टरांकडं तेर गावची एक मुलगी भेटली. चौदाएक वर्षांची, एकटीच आलेली. खालचा जबडा पुढं यावा म्हणून तिला प्लेट बसवली होती. ती एका जागी बसतच नव्हती. कानापुढं बोट दाबून सारखं तोंड उघडायची, मिटायची.

"दुखतंय का गं?" मी विचारलं.

"लई. कटकट वाजतंय बी. पर सांगू नका, काकू. प्लेट काढतील. आता कुठं वरचे दात ओठाआड जायलेत."

तिच्यामागं आत जाऊन मी सांगून टाकलं. डॉक्टरांनी कानापुढचा जबड्याचा सांधा चाचपला. "नव्या जागी रुळतोय, म्हणून दुखतं. प्लेट राहू दे. पण आवाज वाढला, तोंड उघडेना, तर लगेच ये."

बाहेर येताच ती माझ्यावर उखडली, "अन् काढली असती म्हंजे?"

अन् ती ताडताड स्टँडकडं निघून गेली.