गुलाल लागलेल्या बादल्या

नोकरीतल्या पुष्कळ गोष्टी आता पुसट झाल्या आहेत. पण गुलाल दिसला की मला अजूनही देवाच्या आधी ठाण्यातलं एक हॉस्पिटल आठवतं. बायको म्हणते, हे सरळ माणसाचं लक्षण नाही. मी म्हणतो, उभी हयात पोलीस खात्यात काढल्यावर माणूस सरळ राहील कसा?

ऐंशीच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. मी ठाण्यात उपनिरीक्षक होतो. गणपती नुकतेच गेले होते आणि विसर्जनाच्या बंदोबस्तात अंगावर बसलेला गुलाल गणवेशाच्या शिवणींतून अजून निघत होता. मंडळांचे मंडप तपासायचं काम त्या वर्षी माझ्याकडे होतं. मंडपात वाळूच्या लाल बादल्या आणि आग विझवायची नळकांडी दिसल्याशिवाय मी सही करत नसे. कार्यकर्ते माझ्या नावाने बोटं मोडायचे. मोडोत बापडे, मंडप पेटला की तेच आमच्या नावाने शंख करतात.

अशात एका सकाळी कोळशेतची एक कोळीण ठाणे अंमलदारासमोर येऊन उभी राहिली. तिचा आवाज आतल्या खोलीत मला ऐकू आला, म्हणजे तो रस्त्यावरही गेला असणार.

"सायेब, काल माजी सून मेली असती. न तिच्यासंगं माजा नातू."

"मावशी, आधी बसा. पाणी घ्या."

"पानी नको. आदी लिवून घ्या."

तिची सून बाळंतपणासाठी एका खाजगी हॉस्पिटलात होती. सिझेरियन झालेलं, मुलगा झालेला, खाट तिसऱ्या मजल्यावर. आदल्या दिवशी दुपारी जिन्याखालच्या मीटरच्या पेटीत ठिणगी उडाली, वायरी जळाल्या आणि धूर जिन्यातून सरळ वर चढला. इमारतीला मागच्या बाजूने दुसरा जिना होता. वरची माणसं तिकडे धावली, तर दाराला कुलूप आणि दारासमोर जुन्या खाटा नि गाद्या रचलेल्या. किल्ली कुणाकडे आहे ते कुणालाच माहीत नव्हतं. खाली कुणीतरी मेन स्विच ओढला म्हणून निभावलं.

"खिडकीच्या गजातून पोराचं तोंड भाईर काडून उबी व्हती माजी सून," ती म्हणाली. "आमी कोली मानसं, सायेब. पान्याला भीत नाय. पन धुरात कुटं पोवायचं?"

 मी तक्रार लिहून घेतली आणि वरिष्ठांकडे गेलो.

"धूर झाला, विझला. मेलं कोण?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही, साहेब."

"मग?"

या 'मग'ला आमच्या खात्यात फार वजन असतं. तरी एकदा बघून येतो म्हटलं. ते नाही म्हणाले नाहीत.

हवालदाराला बरोबर घेतलं. तो जरा कुरकुरतच निघाला, कारण त्याची दोन्ही मुलं त्याच हॉस्पिटलात जन्मलेली. डॉक्टरांना गावात मान होता आणि हाताला यशही होतं, हे खोटं नाही. त्यांनी आमचं हसतमुखाने स्वागत केलं आणि स्वतः प्रत्येक मजला दाखवला. मागचं दार सताड उघडं, जिना झाडलेला. प्रत्येक मजल्यावर भिंतीशी लाल बादल्यांची रांग आणि वर चकचकीत नळकांडी.

"बाई घाबरल्या असतील," डॉक्टर म्हणाले. "साधी माणसं. एकाचं दहा करून सांगतात. तुम्ही जाणताच."

कोळीण सुनेच्या खाटेपाशी उभी होती. ती डोळे फाडून त्या दाराकडे बघत राहिली. "सायेब, हितं खाटा व्हत्या. कुलूप व्हतं. एकवीरा आईची शपत!" आजूबाजूच्या बायका माना खाली घालून बसल्या. डॉक्टरांच्या हॉस्पिटलात राहून डॉक्टरांशी वैर कोण करणार? मला मात्र त्यांच्या त्या हसण्याचा संताप आला.

वाळू ओली आहे की कोरडी, हे बघायला मी एका बादलीत हात घातला. सवयच ती. हात बाहेर काढताना बोट बादलीच्या दुमडलेल्या कडेखालून फिरलं आणि गुलाबी झालं. नाकाशी नेलं. हॉस्पिटलात फिनेलचा वास यायला हवा होता. हा गुलाल होता.

बोट रुमालाला पुसलं आणि म्हणालो, "व्यवस्था चांगली आहे, डॉक्टर."

"आहेच. परवा महापालिकेचे अग्निशमन अधिकारीसुद्धा पाहणीला येताहेत."

हे त्यांनी आपण होऊन सांगितलं. हुशार माणूस नको तिथे नको तेवढं बोलतो, त्याला पोलिसांचा काही इलाज नाही.

फाटकाबाहेर कोळीण माझ्यावरच उखडली. "तुमीबी त्यांच्यातलंच निगालं!"

"मावशी, सुनेचा डबा रोज आणता ना? तसाच आणत राहा. डोळे उघडे ठेवा आणि तोंड बंद."

"तोंड बंद?" तिने जरा विचार केला. "जमल तेवडं करीन."

शहरातल्या निम्म्या मंडळांना सामान पुरवणारा एक मंडप डेकोरेटर होता. खोपटला त्याचं गोदाम. त्याला मी पोलीस ठाण्यात बोलावून घेतलं. घाबरट माणसाला दम द्यावा लागतो, बढाईखोराला नुसता चहा पुरतो. हा दुसऱ्या जातीतला होता.

"काय शेठ, सीझन कसा गेला?"

"एकदम टॉप, साहेब! बाप्पाची कृपा. सगळी मोठी मंडळं आपल्याकडेच."

"नवरात्राचे अर्ज यायला लागलेत. म्हटलं, तुमच्या बादल्या नि नळकांडी या वेळी आधीच बघून टाकू. चला गोदामात."

"आत्ता?" त्याचा कप हातातच राहिला. "आत्ता नको, साहेब. माल भाड्याने गेलाय. परवा संध्याकाळी या ना."

"कुणाकडे गेलाय?"

"आहे एक पार्टी. मंडपाचं काम आहे त्यांचं."

मी खुर्ची पुढे ओढली. "शेठ, सध्या पंधरवडा कुठला चालू आहे?"

त्याने कप खाली ठेवला. गणपती आणि नवरात्र यांच्या मधे पितृपंधरवडा असतो. त्यात लग्न नाही, मुंज नाही, पूजा नाही. डेकोरेटरचे बांबू आणि कनाती गोदामात झोपा काढतात. हे ज्याच्या पोटापाण्याशी बांधलेलं, तोच थाप मारताना विसरला होता.

"पितृपंधरवड्यात मंडप कुणी घातला? कावळ्यांनी?"

दाराशी उभा असलेला हवालदार तोंडावर हात ठेवून हसला. डेकोरेटरने कपाळ पुसलं आणि मग नळाचं पाणी सुटावं तसा बोलत सुटला. धूर झाला त्याच संध्याकाळी डॉक्टरांचा माणूस आला होता. पाहणी होईपर्यंत सामान ठेवायचं, पाहणी झाली की हातगाडी पाठवून परत न्यायचं.

"साहेब, डॉक्टरांना नाही कसं म्हणणार? माझ्या आईचं ऑपरेशन त्यांनीच केलंय."

"बरं. आणि ती नळकांडी चालतात का?"

"चालतात म्हणजे..." तो चाचरला. "दिसतात चांगली, साहेब."

"साक्षीदार व्हायचंय की आरोपी, ते तुम्ही ठरवा," मी म्हणालो. "ठरलंय तशी हातगाडी पाठवा. डॉक्टरांच्या कानावर अक्षर गेलं, तर नवरात्रात तुमचा एक बांबूही उभा राहणार नाही."

अग्निशमन अधिकाऱ्यांना जाऊन भेटलो. ते तापट गृहस्थ. ऐकताऐकता त्यांचे कान लाल झाले. "मला बनवतात?" एवढंच म्हणाले. पण काम नीट केलं. ठरल्या दिवशी हॉस्पिटलात गेले, मान डोलावली, नमस्कार केला आणि जीप कोपऱ्यावर वळवून थांबले. मी समोरच्या चहाच्या टपरीवर साध्या कपड्यांत. पंच म्हणून टपरीवाला आणि ड्युटी संपवून चहाला आलेला एक एसटी कंडक्टर.

हातगाडी आली. वॉर्डबॉय बादल्या उतरवू लागले आणि वाळू गटारात ओतू लागले. मी थांबलो. मला मागचं दार हवं होतं. कोळीण डबा घेऊन वर गेलेलीच होती. तोंड बंद ठेवणं तिला जमणार होतं तेवढं तिने ठेवलं होतं. एकदम तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून रस्ताभर आवाज घुमला.

"सायेब! खाटा लावल्या परत! कुलूपबी लावलं!"

आम्ही रस्ता ओलांडला. हातगाडीवरच पंचनामा सुरू केला. डॉक्टर धावत खाली आले.

"हे... हे सामान सर्व्हिसिंगला चाललंय."

अग्निशमन अधिकाऱ्यांनी एक नळकांडं उचललं, तोंड जमिनीकडे केलं आणि दाबलं. आतून नुसती खाकरल्यासारखी हवा आली. दुसऱ्यातून तीही आली नाही. तिसऱ्याच्या तोंडात कोळ्याचं जाळं होतं. बघ्यांत हशा पिकला. कंडक्टर म्हणाला, "साहेब, हे पण पंचनाम्यात लिहायचं का?" मी म्हटलं, "जाळ्यासकट."

वर गेलो. दाराला कुलूप, पुढे खाटा. किल्ली मेट्रनकडे आणि मेट्रन जेवायला घरी गेलेल्या.

"इन्स्पेक्टर, तुम्ही समजून घ्या," डॉक्टर म्हणाले. आता आवाजात हसू नव्हतं. "नातेवाईक वेळी-अवेळी मागून शिरतात. पेशंटच्या वस्तू चोरीला जातात. दार उघडं ठेवून हॉस्पिटल चालवायचं कसं?"

ही अडचण खरी होती. तिथल्या चोऱ्यांच्या तक्रारी मीच लिहून घेतल्या होत्या.

"चोर आला तर आम्हाला फोन करा, डॉक्टर. चोर आम्ही पकडू. धुराला बेड्या घालता येत नाहीत."

मी हवालदाराकडे बघितलं. दोन्ही मुलं जिथे जन्मली, तिथलं कुलूप त्याने पहारीच्या एका फटक्यात तोडलं. खाटा बाजूला झाल्या, दार उघडलं आणि मागच्या चिंचेवरचा वारा वॉर्डात शिरला. परवा माना खाली घालून बसलेल्या बायका आता एकदम बोलू लागल्या. एकीने जबाब देते म्हटलं, मग दुसरीने, मग सगळ्यांनीच. खूप चोर पकडले मी, पण त्या दुपारइतका आनंद क्वचित झाला.

जिवाला धोका पोचवणाऱ्या निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल झाला. पुढे डॉक्टरांनी कोर्टात तो कबूल केला आणि दंड भरला. त्याआधीच महापालिकेच्या नोटिशीने मीटरची पेटी जिन्याखालून बाहेरच्या भिंतीवर गेली होती. स्वतःची, भरलेली नळकांडी आली. मागच्या दाराला आतून नुसती ढकलली की उघडणारी कडी लागली. त्या नवरात्रात शहरातल्या प्रत्येक मंडळाचं नळकांडं मी दाबून बघितलं आणि माझ्या नावाने आणखी बोटं मोडली गेली.

तरी एक धास्ती उरलीच होती. खटल्याची ऊब आहे तोवर दार उघडं राहील. मग पावसाळ्यात एखादी गादी ठेवली जाईल, तिच्यावर दुसरी.

टाके चिघळल्यामुळे सुनेचा मुक्काम लांबला होता. तिला घटस्थापनेच्या दिवशी घरी सोडलं. मी सहज म्हणून गेलो. बघतो तर कोळीण स्टुलावर चढून मागच्या दाराला झेंडू आणि आंब्याच्या पानांचं तोरण बांधत होती. डॉक्टर बाजूला उभे होते. मग तिने नातवाला छातीशी धरलं आणि सुनेला घेऊन मागच्याच जिन्याने निघाली.

"आता लावा कुलूप," जाता जाता ती म्हणाली. "तोरनाचं दार कोन बंद करतंय तेच बगते."

डॉक्टरांनी स्टूल उचलून बाजूला ठेवलं. तोरणाखाली भंगार खाट ठेवायची छाती आपल्याकडे कुणाला होत नाही, हे मला दंडसंहितेत कुठे वाचायला मिळालं नव्हतं.

या प्रकरणाने मला एक सवय लावली. वस्तू जागेवर दिसली की ती काल कुठे होती, असं आधी विचारायचं. पुढे कल्याणला बदली झाली, तिथेही या प्रश्नाने अनेक गाठी सोडवल्या.

निवृत्तीनंतर एकदा नवरात्रात एका मित्राला बघायला त्याच हॉस्पिटलात गेलो. मित्राच्या आधी पाय मागच्या दाराकडे वळले. तोरण होतं, झेंडू ताजे होते. सिस्टरला विचारलं.

"कोळशेतच्या एक आजी आहेत. दर घटस्थापनेला येऊन बांधतात," ती म्हणाली. "यंदा गुडघे दुखतात म्हणून नातवाला पाठवलं. त्याला स्टूल द्यायला गेले, तर लागलंच नाही. केवढा उंच झालाय तो!"

मी दार ढकललं. ते लगेच उघडलं.