हिरव्या बाह्या

हिंगोलीच्या बाजारात जुन्या कपड्यांच्या ढिगापाशी ती मला नेहमी भेटते. नाव मी कधी विचारलं नाही, तिनंही नाही. हिजाब नीट करून ती उकिडवी बसते आणि एकेक कुर्ता उन्हात धरून आत हात घालते.

"बोटं दिसून राहिली. न्हाई चालत," म्हणत बाजूला टाकते.

विकणारा वैतागतो. "भाभी, जुन्या कपड्याला एवढं काहून बघता?"

"जुनं घेते म्हणून कसंबी न्हाई घालत, भाऊ."

बाह्यांवर तर ती अडूनच बसते. मनगटापर्यंत हव्यात म्हणजे हव्यातच. एकदा लांब बाह्यांचा हिरवा ड्रेस आधी माझ्या हाती लागला. उकाड्यात मी बाह्या कापूनच घालते, असं मी बोलून गेले.

"मग फेकू नका, मला द्या," ती म्हणाली. आवाजात विनंती कमी, हुकूम जास्त.

मी दिल्या. पुढच्या बाजारी ती जांभळ्या कुर्त्याला त्याच बाह्या लावून आली. एकीला माझी कात्री तिरकी गेली होती. तिथं जांभळी पट्टी जोडून तिनं मनगट बराबर झाकलं होतं.

आता मी बाह्यांना कात्री लावत नाही. बसून शिवण उसवते.