शंभरातले किती घातले?

तिचं खरं नाव कारखान्यात फक्त पगाराच्या यादीत होतं. बाकी सगळ्यांसाठी ती शंभरीबाई, कारण कुठल्याही गोष्टीचं शंभरात किती हे काढल्याशिवाय तिला चैन पडत नसे. भाचा पास झालो म्हणून नाचत घरात शिरला, तर ही चष्म्यावरून बघत विचारणार, "शंभरातले किती?" पोराचं नाचणं तिथल्या तिथे थांबायचं.

कारखाना धुण्याचा. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी गाठोडी बांधून येत, मोठ्या यंत्रांत धुतल्या जात आणि मग गरम रोलरखालून सपाट होऊन बाहेर पडत. शंभरीबाई वरच्या मजल्यावर हिशेब सांभाळायची. तिची थोरली बहीण, अक्का, खाली रोलरच्या तोंडाशी उभी राहून ओल्या चादरी आत सोडायची. वडील लवकर गेले, तेव्हापासून अक्का त्या वाफेत उभी होती. धाकटीच्या शाळेची, कॉलेजची फी त्या वाफेतूनच आली होती. धाकटी हे विसरली नव्हती, आणि अक्काने ते कधी बोलून दाखवलं नव्हतं.

रोलर जुना होता. त्याच्या तोंडाशी एक लोखंडी पट्टी होती. चुकून हात पुढे गेला तर आधी पट्टीला लागावा आणि रोलर जागच्या जागी थांबावा, एवढंच तिचं काम. पण पट्टी केव्हाच निकामी झाली होती. खाली पडू नये म्हणून ती चिंधीने बांधून ठेवली होती. शंभरीबाईने नव्या रोलरसाठी किती डोकेफोड केली, पण साहेबांनी भीक घातली नाही. "बघू", "पुढच्या वर्षी", "आत्ता हात तंग आहे", ही त्यांची तीन उत्तरं, आळीपाळीने.

शेवटी तिने त्यांना आपल्या भाषेत गाठलं.

"साहेब, विक्री किती झाली ते सोडा. ज्या बिलांचे पैसे यायचेत तीही सोडा. बँकेचं कर्ज तर मोजूच नका, उसने आणलेले पैसे आपली कमाई नव्हे. चादरी धुऊन, पगार, वीज, पाणी, कर सगळं भागवून हातात जी रोख उरली, ती शंभर धरा. त्या शंभरातले पुढच्या कामासाठी परत किती घातले? दरवर्षी हा एकच आकडा काढू. माझं म्हणणं, निदान चाळीस तरी हवेत."

साहेबांना हे भलतंच आवडलं. आकडा सुटसुटीत होता, बँकेला दाखवायला बरा होता, आणि तो काढायला पैसे पडत नव्हते. त्यांनी दारातच फळा लावला: शंभरातले कारखान्यात किती घातले? मजकूर शंभरीबाईनेच दिला होता. तिच्या मनात 'यंत्रांत' होतं, पण नियमाने इमारत, नळ, टाक्या हेही भांडवलातच धरतात, म्हणून नेमकेपणाच्या हौसेने तिने 'कारखान्यात' लिहिलं. तिथेच घोड्याने पेंड खाल्ली. आकड्यांच्या बाबतीत एवढी तरबेज बाई, आणि माणसांच्या बाबतीत इतकी भोळी कशी, कोण जाणे!

वर्षभर कारखान्यात कामं निघाली. दर्शनी भागाला काच बसली. साहेबांच्या खोलीला लाकूडकाम झालं, गुळगुळीत टेबल आणि नवी खुर्ची आली. मग दारासमोर एक कारंजं उभं राहिलं, रात्री दिवे लागणारं. अक्का ते बघून म्हणाली, "पैसे पाण्यात घातले म्हणतात ते हेच का गं?" दोघी पोट धरधरून हसल्या. हसायला नको होतं, पण तेव्हा कुठे माहीत होतं?

वर्ष संपलं आणि आकडा निघाला, त्रेचाळीस. शंभरीबाईने डोळे चोळून पुन्हा मांडणी केली. काच, लाकूडकाम, कारंजं, सगळं त्यात होतं. ती तडक हिशेब तपासनिसाकडे गेली.

"अहो, हे कारंजं भांडवल कसं?"

"टिकाऊ आहे, बाई. कारखान्याच्या आवारात आहे. नियमात बसतं."

"आणि रोलर?"

"तो घेतलाच नाही, तर मी कुठून बसवू?"

ती वर येऊन खुर्चीत बसली तेव्हा तिचे कान तापले होते. तिने बहिणीसाठी घडवलेलं हत्यार, आणि त्यानेच साहेबांनी आपली खोली सजवली होती! कोणी चोरी केली असती तर पकडता आली असती. इथे प्रत्येक बेरीज बरोबर होती, याचाच तिला संताप आला.

त्याच आठवड्यात एका चादरीच्या सुरकुतीबरोबर अक्काची बोटं आत ओढली गेली. शेजारच्या बाईने धावत जाऊन बटण दाबलं म्हणून हात वाचला, पण दोन बोटांची कातडी रोलरलाच राहिली. डॉक्टरांनी पट्टी बांधली. साहेबांनी अक्काला उशांचे अभ्रे मोजायला बसवलं आणि रोलरवर दुसरी बाई उभी केली. चिंधी तशीच होती.

मग कौतुकाचा कार्यक्रम. साहेबांनी सगळ्यांना खाली रोलरपाशी जमवलं, हातात फुलांचा गुच्छ.

"त्रेचाळीस!" ते म्हणाले. "शंभरातले त्रेचाळीस आपण कारखान्यात घातले! आणि ही मोजणी सुरू केली आपल्या बाईंनी. या, बाई, पुढे या."

शंभरीबाई पुढे आली. गुच्छ तिने घेतलाच नाही.

"आकडा मीच काढलाय, साहेब. बरोबर आहे. त्यातले इथपर्यंत किती आले, ते विचारा."

"किती?"

"एकही नाही."

"बाई, ही वेळ नाही. सगळं नियमात बसतंय."

"बसेल ना! बसायला तुम्हाला नवी खुर्ची आहे. या बायका उभ्या असतात." तिचा आवाज फाटला, तरी ती थांबली नाही. "माझ्या बहिणीच्या बोटांचं कातडं या रोलरवर जळालंय. तुम्ही त्याच्याशेजारी उभं राहून मला फुलं देताय? लाज वाटत नाही?"

साहेब लालबुंद झाले. "उगाच घाबरवू नका लोकांना. पट्टी आहे ना समोर? काही होत नाही."

"काही होत नाही?" शंभरीबाईने हात लांब करून बटण दाबलं. रोलर घरघरत फिरू लागला, तोंडातून वाफ आली. "मग घाला हात. त्रेचाळीस घातलेत, एक हात घालायला काय जातंय?"

साहेबांचा हात खरंच पुढे आला. एवढ्या लोकांसमोर मागे कसा घ्यायचा? तो चिंधीपर्यंत पोहोचला, वाफ लागताच आखडला, आणि त्यांनी तो झटकन कोटाच्या खिशात घातला.

मागे अभ्र्यांच्या ढिगाजवळ अक्का उभी होती, बांधलेला हात छातीशी धरून.

"लिहून घे गं," ती म्हणाली. "घातला. नेहमीच्याच जागी घातला."

रोलरवरच्या बाईने बटण बंद केलं आणि ती तोंडापासून दूर जाऊन उभी राहिली. तिच्यामागोमाग बाकीच्याही सरकल्या. त्या दिवशी एकही चादर आत गेली नाही.