मागच्या खोलीतलं विमान

“उतरव मला. आत्ताच्या आत्ता खाली उतरव.”

ताई ओरडत होती. माझी मोठी बहीण, वय सदुसष्ट. एका हातात माझं मनगट, दुसऱ्या हातात प्लास्टिकच्या खुर्चीचा दांडा. विमान तीन हजार फुटांवर होतं, डाव्या अंगाला कललेलं, आणि खाली अख्खं जबलपूर तिरक्या ताटातल्या वरणासारखं एका बाजूला गोळा झालं होतं.

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, “ताई, उठा अन् या ना इकडे. दार उघडंच आहे.”

बायकोचं म्हणणं वस्तुस्थितीला धरून होतं. विमान आमच्या महाराजपूरच्या घराच्या मागच्या खोलीत होतं आणि कॉम्प्युटरवर चाललं होतं. खिडकीबाहेर शेजाऱ्यांच्या गच्चीवर पापड वाळत होते, ते जराही कललेले नव्हते. खाली उतरायला ताईला फक्त खुर्चीतून उठून तीन पावलं टाकायची होती. पण ताई उठेना. “चालत्या विमानातून कोणी उठते काय?” असं ती उलट बायकोवरच डाफरली. हा माझ्या कलेचा केवढा मोठा विजय होता, हे बायकोला आजतागायत पटलेलं नाही.

आता ताई माझ्या विमानात आली कशी, ते सांगतो.

ताई दीक्षितपुऱ्यात एकटी राहते. तिची एकुलती एक मुलगी बंगळुरूला, आणि त्या मुलीचं पहिलं बाळंतपण आठ-दहा दिवसांवर आलेलं. ताईची तयारी महिनाभर आधीपासून झालेली. जुनी सुती लुगडी फाडून दुपटी शिवली, डिंकाच्या लाडवांचे दोन डबे बांधले, वेखंड, बाळघुटी, काय नाही ते पिशवीत भरलं. एक गोष्ट तेवढी ठरत नव्हती, जायचं कसं. ताईचे गुडघे असे, की घराचा जिना ती दिवसातून एकदा उतरते आणि तो दिवस मग त्यातच जातो. रेल्वेचा एवढा लांबचा प्रवास, त्यात वरचा बर्थ मिळाला तर तिला चढवायला क्रेन आणावी लागली असती. विमानानं अर्ध्या दिवसाचं काम. पण ताई म्हणायची, “मी हवेत जाणार नाही. माणसाचे पाय जमिनीला लागले पाहिजेत.” आणि मग रात्ररात्र दुपट्यांच्या घड्या उलगडायची, पुन्हा घालायची. बाळ आजीला विचारून थोडंच येणार होतं. मुलीनं शेवटचं सांगितलं, “उद्या चार वाजता फोन करते, तेव्हा हो किंवा नाही सांग. मोजक्या सीटा राहिल्या आहेत.”

अशा वेळी घरातल्या जाणत्या माणसानं पुढं व्हायचं असतं. मी झालो.

म्हटलं, “ताई, विमानाचीच भीती ना? उद्या दुपारी माझ्याकडे ये. डुमन्याच्या विमानतळावरून उडवतो, शहरावर एक चक्कर मारतो आणि डुमन्यालाच अलगद आणून ठेवतो. पोटातलं पाणी हललं तर नाव बदलीन.”

मी हे उगाच म्हणालो नव्हतो. चाळीस वर्षं सरकारी कारखान्यात लेथ चालवली. निवृत्त झाल्यावर माझ्या बरोबरीचे लोक सकाळी फिरायला जाऊ लागले, मी दोन इंजिनांचं एकशे ऐंशी आसनी विमान बांधायला घेतलं. समोर तीन स्क्रीन. जुन्या कपाटाचं दार कापून त्याचं पॅनल. चाकं खाली-वर करायचा दांडा कूलरच्या भंगारातला. उंची ठरवायची घुंडी म्हणजे आमच्या मिक्सरची, त्यामुळे आमच्याकडे वर्षभर चटणी एकाच वेगानं वाटली जाते. थ्रॉटल तेवढे विकतचे आणले. थ्रॉटल म्हणजे दोन दांडे, प्रत्येक इंजिनाला एक. पुढं ढकलले की इंजिनं गरजतात, मागं ओढले की गप्प बसतात. एवढंच त्यांचं काम, आणि तेवढंही त्यांनी त्या दिवशी धड केलं नाही.

सकाळीच मी तपासणीला बसलो. उजवा दांडा मागं ओढला, उजवं इंजिन शहाण्यासारखं निजलं. डावा ओढला, तर डावं इंजिन गुरगुरतच राहिलं. दांडा बोटभर आधीच अडायचा आणि इंजिनाला वाटायचं, मालकाला अजून जोर हवा आहे. मी केबल बदलली. ती कॉम्प्युटरच्या दुसऱ्या खाचेत घातली, तिसऱ्या घातली, मग पहिलीच बरी होती असं ठरलं. सेटिंग पुसून नव्यानं केलं. सॉफ्टवेअर काढून पुन्हा घातलं, त्यात दीड तास गेला आणि त्यानं मला माझा देश कोणता हे चार वेळा विचारलं. शेवटी अधारतालच्या कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला. तोही माझ्याच वयाचा, माझ्या विमानाची वार्ता त्याला पहिल्या स्क्रूपासून ठाऊक.

“भैया, एक बार बंद करके चालू किया?”

“सत्रह बार किया.”

“अच्छा. तो अब अठारहवीं बार मत करना. बिगड़ जाएगा.”

फोन ठेवला आणि कारखान्यातली पद्धत वापरली. डाव्या दांड्याच्या कानाखाली एक चापट मारली. इंजिन गप्प. चाळीस वर्षं मोठमोठे इंजिनियर नकाशे पसरून बसायचे आणि आमची लेथ अशीच चालू व्हायची. मी तिथल्या तिथं विमान उड्डाणाला योग्य असल्याचं जाहीर केलं. जाहीर करायला खोलीत मी एकटाच होतो, त्यामुळे हरकत कोणी घेतली नाही.

दुपारी अडीचला ताई आली. सोबत पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली, आवळासुपारी आणि ओकारी आलीच तर म्हणून आणखी एक पिशवी. बसल्या बसल्या म्हणाली, “पट्टा कुठाय? टीव्हीवर पट्टा बांधतात.” बायकोच्या जुन्या ओढणीनं तिला खुर्चीला बांधलं.

“अन् ती हवाई सुंदरी?”

“पोहे करून राहिली,” बायको आतून म्हणाली.

उड्डाण झालं. तुम्हाला सांगतो, असं उड्डाण डुमन्यानं पाहिलेलं नाही. दोन्ही इंजिनं अशी गरजली की स्पीकरच्या हादऱ्यानं भिंतीवरचं कॅलेंडर पुढच्या महिन्यात गेलं. ताईनं डोळे मिटले, मग एक उघडला, मग दोन्ही. नर्मदा दिसली तेव्हा तिनं चक्क हात जोडले. मला वाटलं, जिंकलो. चार वाजता फोन येईल आणि ताई हो म्हणेल.

तेवढ्यात तिनं म्हटलं, “माझं घर दाखव.”

म्हणून मी शहराकडे वळलो. कॉम्प्युटरच्या हिशेबानं दीक्षितपुरा म्हणजे एकाच मापाच्या काड्यापेट्या रांगेनं मांडलेल्या.

“यात माझं कोणतं?”

“ते, तिसरं.”

“तिथं तर चिंचेचं झाड आहे.”

“मग त्याच्या बाजूचं.”

“त्याच्या बाजूला तळं आहे, रे. माझ्या घराचं तळं करून टाकलं यानं?”

तिला नीट दिसावं म्हणून मी विमान डावीकडे जरा जास्तच कलवलं. आणि मग सुरू झालं ते, खाली उतरव, आत्ताच्या आत्ता उतरव.

मी म्हटलं, “उतरवतो. शांत बस. उतरवणं हाच तर माझा हातखंडा.”

डुमन्याचा रनवे समोर आला. चाकं खाली केली. दोन्ही दांडे मागं ओढले. उजवं इंजिन निजलं. डावं गुरगुरत राहिलं. विमानाचा वेग उतरेना, उंची मात्र भराभरा उतरायला लागली, कारण मी नाक खाली दाबून धरलं होतं. विमानातला कॉम्प्युटर आता इंग्रजीत रागवायला लागला, आधी एकदा, मग न थांबता.

“हा कोण बोलून राहिला?” ताईनं विचारलं.

“स्वागत करतात तसं.”

“स्वागत असं ओरडून?”

मी डाव्या दांड्याला चापट मारली. काही नाही. दुसरी मारली. तिसरी मुठीनं.

“मारून काहून राहिला त्याला?”

“याला अशीच सवय आहे.”

“बंगळुरूच्या विमानातही मारतात काय?”

तेवढ्यात चाकं जमिनीला टेकली. टेकली हा माझा शब्द, बायकोचा शब्द वेगळा आहे. खरं तर जमिनीला लागताच पंखांवरच्या फळ्या आपोआप उभ्या राहतात आणि विमानाला अडवतात. पण आमचं डावं इंजिन अजून जोरात, म्हणून विमानाची समजूत झाली की मालकाला पुन्हा उडायचं आहे, आणि फळ्या निजून राहिल्या. डावं इंजिन ढकलतंय, उजवं झोपलंय, तर विमान जाणार कुठं? उजवीकडे. रनवे सुटला, गवत आलं, गवत संपलं, कुंपण आलं. मी दोन्ही पायांनी ब्रेक असा दाबला की खालची फरशी खचायची बाकी होती. मग तिन्ही स्क्रीन एकदम थांबल्या आणि मधल्या स्क्रीनवर अगदी अदबशीर अक्षरांत आलं की आपलं विमान नष्ट झालं आहे, आपण पुन्हा सुरुवात करू इच्छिता काय.

मी दांड्यांवरून हात काढला.

“आलं डुमना?” ताईनं विचारलं.

बायको पोह्यांच्या बशा घेऊन दारात उभी होती. तिनं बशा ठेवल्या, थ्रॉटलवर वाकली, बांगडीतली सेफ्टी पिन काढली आणि डाव्या दांड्याच्या खाचेत घातली. टोकावर काढलं ते आमच्या समोर धरलं. तांदळाचा दाणा. कुंकवानं लाल झालेला.

तर झालं असं होतं, की आठच दिवसांपूर्वी दसरा झाला. कारखान्यात आम्ही दसऱ्याला मशीन बंद करून पुसायचो, हळदकुंकू वाहायचो, अक्षता टाकायचो, नारळ फोडायचो. ज्याच्या जोरावर घर चालतं त्याची पूजा. निवृत्त झालो म्हणून काय झालं, मीही विमानाची पूजा केली. इतरांची पूजा चिमूटभर अक्षतांत होते. एवढ्या मोठ्या विमानाला चिमूट पुरते काय? मी मूठ-मूठ टाकल्या. पण कारखान्यात दुसऱ्या दिवशी मशीन सुरू करण्याआधी पहिलं काम असायचं ब्रश घेऊन प्रत्येक खाच झाडण्याचं. न झाडता बटण दाबणाऱ्याला फोरमन जे बोलायचा ते लिहिण्यासारखं नाही. चाळीस वर्षांत मी ती झाडझूड एकदाही चुकवली नाही. घरी फोरमन नव्हता.

“कंपनीतूनच आला असेल दाणा,” मी म्हणालो.

“कुंकू लावून?” बायको म्हणाली.

ताई ओढणीची गाठ सोडत बसली होती. गाठ सुटेना. इतका वेळ मी मजेत होतो, पण तिची ती धडपड पाहिली आणि खरं सांगतो, मला माझीच लाज वाटली. हिला धीर द्यायला आणलं आणि हिला घेऊन मी कुंपणात शिरलो. आता ही विमानाचं नाव घेणार नाही. गाडीनं निघायची, गुडघे धरून कुठल्या तरी बर्थवर पडून राहायची, आणि तिकडे पोरगी दवाखान्यात एकटी असायची. दुपटी पोहोचतील तेव्हा बाळ दुपट्यांना पाय मारायच्या वयाचं झालेलं असेल.

गाठ मी सोडवली. म्हटलं, “ताई, राहू दे विमान. मी आत्ता जातो स्टेशनवर. खालचा बर्थ पाहतो, मी सोबत येतो. पोहोचू आपण वेळेवर.”

“चलो, पोहे घ्या आधी,” बायको म्हणाली.

चारला फोन आला. बायकोनं तो स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. भाचीचा आवाज दमलेला होता, मराठी अर्धी, हिंदी अर्धी. “मम्मी, बोल ना. टिकट करूं क्या? नाही म्हणशील तरी चालेल. मी रागावणार नाही.”

मी ताईच्या वतीनं बोलायला तोंड उघडलं. ताईनं हातानं मला थांबवलं.

“काढ,” ती फोनला म्हणाली. “विमानाचं काढ. परवाचं मिळालं तर परवाचं.”

पलीकडे भाची रडायला लागली, मग म्हणाली रडत नाहीये. फोन बंद झाला. अजून मधल्या स्क्रीनवर आमचं विमान नष्ट झाल्याचं लिहिलेलं होतं.

“ताई, विचार कर,” मी म्हटलं. “पाच मिनिटांपूर्वी काय झालं ते पाहिलं ना? तुला भीती नाही वाटत?”

ताईनं पोह्यांवर लिंबू पिळलं, बी बोटानं बाजूला काढली.

“ते विमान तू थोडीच चालवून राहिला.”